पिकअप गाडीची समोरची काच बदलण्यापूर्वी

नोकरीच्या वाटा अरुंद होत गेल्या तसे आपल्या खेड्यापाड्यांतील आणि वस्त्यांतील अनेक तरुणांनी कर्ज काढून पिकअप गाडी घेतली. कोणी पहाटे भाजीपाला बाजार समितीत पोहोचवतो, कोणी दुधाचे कॅन नेतो, कोणी लग्नसराईत मंडपाचे सामान वाहतो. गाडी चालली तर घर चालते. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा समोरच्या काचेवर बसतो आणि काच तडकते. मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की कुठे स्वस्तात आणि आजच्या आज बसवून मिळेल?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु पुरेसा नाही. समोरची काच हा केबिनच्या बांधणीचा एक भाग आहे. तिची निम्मी ताकद काचेत असते आणि निम्मी ती कशी बसवली यात असते. काच एकदा बसली की चांगले काम आणि वाईट काम बाहेरून सारखेच दिसते. दोष लपतो तो रबराखाली किंवा चिकटद्रव्याखाली, आणि उघडा पडतो तो पहिल्या पावसात अथवा अपघाताच्या क्षणी. म्हणून जी काही चौकशी करावयाची ती पैसे देण्यापूर्वी आणि जुनी काच निघण्यापूर्वी केली पाहिजे. ही चौकशी कशी करावी, हे सभासदांना आणि विद्यार्थ्यांना समजावे, एवढाच या पाठाचा उद्देश आहे.

१. समोरची काच वेगळी कशी?

वाहनांत मुख्यतः दोन प्रकारची सुरक्षा काच वापरतात. पहिली टफन काच. ही काच तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली राहतो व ती साध्या काचेपेक्षा पुष्कळ मजबूत होते. मात्र ती फुटते तेव्हा संपूर्ण फुटते, व तिचे ज्वारीच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. दरवाज्याच्या काचा सामान्यतः या प्रकारच्या असतात.

दुसरी लॅमिनेटेड काच. हिच्यात साधारण २ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. हा पापुद्रा बहुधा ०.७६ मिलिमीटर जाडीचा असतो. उष्णता व दाब देऊन हे तिन्ही थर एकजीव करतात. अशी काच फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, पण काच जागेवर राहते आणि चालकाला थोडेफार पुढचे दिसत राहते.

या शोधाची हकिगत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रेंच चित्रकार व रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेत काचेचे एक भांडे खाली पडले. ते तडकले, परंतु तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण वाळून त्याचा पापुद्रा काचेला आतून चिकटला होता. या निरीक्षणावरून त्यांनी १९०९ साली दोन काचांमध्ये पापुद्रा असलेल्या काचेचे पेटंट घेतले. ते सुरुवातीचे द्रव्य कालांतराने पिवळे पडत असे. पुढे त्याची जागा पीव्हीबीने घेतली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार मोटारगाडीची समोरची काच लॅमिनेटेड सुरक्षा काचच असली पाहिजे. त्यामागील कारण वरील फरकातच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. टफन काच अचानक फुटून पांढरी झाली आणि चालकाला सावरायला केवळ दीड सेकंद लागला, तरी गाडी २५ मीटर आंधळेपणाने पुढे जाते. घाटातल्या वळणावर २५ मीटर म्हणजे काय, हे चालकांना सांगावयास नको. म्हणून कोणी दुकानदार "टफन टाकतो, निम्म्या पैशांत होईल" असे म्हणाला, तर त्याला तेथेच नकार द्यावा.

२. काचेची तीन कामे

पहिले काम सर्वांना ठाऊक आहे. वारा, धूळ, पाऊस आणि उडणारे खडे यांपासून काच आपले रक्षण करते.

दुसरे काम म्हणजे अपघातात माणसाला केबिनमध्ये ठेवणे. समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा बांधलेला नसेल तर ते काचेवर आदळते. नीट बसवलेली लॅमिनेटेड काच ताणली जाते, वाकते व काही आघात सोसते. ढिली बसवलेली काच संपूर्ण निघून समोर पडते आणि तिच्या मागोमाग माणूस रस्त्यावर फेकला जातो. अर्थात काच ही सीटबेल्टची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे काम फारसे कोणाला माहीत नसते. ज्या गाड्यांत काच चिकटद्रव्याने केबिनला जोडलेली असते, तेथे ती चौकटीला ताठपणा देते आणि गाडी उलटली तर छप्पर दबण्यास काही प्रमाणात विरोध करते. ज्या गाडीत चालकाशेजारील प्रवाशासाठी एअरबॅग असते, तेथे ती पिशवी उघडताना बहुधा समोरच्या काचेचा आधार घेते. काच निसटली तर पिशवीही माणसाला सावरू शकत नाही.

३. दुरुस्ती की बदल?

प्रत्येक खड्ड्यासाठी नवी काच लागत नाही. खडा लागून केवळ बाहेरच्या थराला लहान खळगा पडला असेल, तर त्यातील हवा काढून विशिष्ट राळ भरतात व अतिनील प्रकाशाने ती कडक करतात. खूण थोडी राहते, पण तडा पुढे सरकण्याचे सहसा थांबते. खर्च नव्या काचेपेक्षा बराच कमी असतो, आणि मूळ कारखान्यात बसवलेली काच हलवावी लागत नाही, हा त्याहून मोठा लाभ आहे.

पुढील परिस्थितीत मात्र काच बदलणेच योग्य होय:

(अ) तडा चालकाच्या नजरेच्या सरळ रेषेत असेल. राळ भरलेली खूण रात्री समोरच्या दिव्यांत चमकते.
(आ) तडा काचेच्या कडेपर्यंत पोहोचला असेल. कडेला ताण अधिक असतो.
(इ) तडा लांबट असून वाढत असेल.
(ई) आतील बाजूने बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल. याचा अर्थ आतला थरही फुटला आहे.
(उ) कडेने पापुद्रा पांढरट दिसत असेल अथवा फुगला असेल. याचा अर्थ थरांमध्ये ओल शिरली आहे.

तुलनेसाठी एक मोजमाप देतो. ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीत चालकाच्या थेट समोरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा दोष चालत नाही. आपल्याकडे हाच आकडा लागू नाही. तरी स्वतःच्या गाडीची काच पाहताना मोजपट्टी लावून बघण्यास ही सवय चांगली आहे.

खळगा पडल्याबरोबर त्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी. धूळ व पाणी आत गेले की राळ नीट धरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गाडी उन्हात उभी असते, काच हाताला चटका देते, आणि अशा वेळी बादलीभर पाणी मारले की बोटभर तडा हातभर होतो. काचेचा एक भाग आकसतो, दुसरा प्रसरण पावलेलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत तडा धावतो. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रसरण-आकुंचनाचा धडा येथे प्रत्यक्ष दिसतो.

४. काच फुटली का, हे आधी शोधा

खडा लागल्याची खूण नाही, आणि तरीही कडेपासून तडा सुरू झाला आहे, असे दिसल्यास नवी काच घेण्याची घाई करू नये. अशा तड्याचे कारण बहुधा चौकटीत असते. पत्रा गंजून फुगला असेल, पूर्वीच्या अपघातात केबिन वाकली असेल व डेंटरने ती पूर्ण सरळ केली नसेल, किंवा मागील वेळी काच एका कोपऱ्यात दाबून बसवली असेल. पिकअप गाडी भार घेऊन खड्ड्यांतून जाते तेव्हा केबिन थोडी पिळवटते. चौकट सरळ असेल तर हा पीळ रबर किंवा चिकटद्रव्य सोसून घेते. चौकट वाकडी असेल तर तो थेट काचेवर येतो. कारण दूर न करता नवी काच बसवली तर तीही काही दिवसांत त्याच कोपऱ्यातून फुटेल, आणि दुकानदार "काचेची गॅरंटी नसते" म्हणून हात वर करील.

म्हणून जुनी काच निघाल्यावर मालकाने स्वतः चौकट पाहावी. गंज असेल तर तो घासून काढणे, प्रायमर लावणे व रंग वाळू देणे या कामासाठी एक दिवस अधिक गेला तरी तो सोसावा. गंजावर लावलेले चिकटद्रव्य गंजाला धरते, पत्र्याला धरत नाही. गंजाचा पोपडा सुटला की काचही सुटली.

५. काचेच्या कोपऱ्यातील शिक्का वाचावा

प्रत्येक प्रमाणित काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा कायमचा शिक्का असतो. पैसे देण्यापूर्वी तो वाचावा. त्यात पुढील बाबी शोधाव्यात:

पहिली, उत्पादकाचे नाव. दुसरी, काच लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख. तिसरी, आय.एस.आय. चिन्ह व आय.एस. २५५३ हा मानक क्रमांक. या मानकाचा भाग २ रस्त्यावरील वाहनांच्या काचेसाठी आहे. चौथी, सीएम/एल अशी सुरुवात असलेला परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईल अ‍ॅपवर हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे व तो चालू आहे काय, हे कळते. घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे काम वडिलांसाठी दोन मिनिटांत करून द्यावे.

गाडीच्या कंपनीचे नाव छापलेली काच आणि त्याच काच-उत्पादकाची बाजारात मिळणारी काच यांत किमतीचा फरक असतो. शिक्का खरा असेल आणि मापे बरोबर असतील तर बाजारातील काच घेण्यास हरकत नाही. बिनशिक्क्याची काच मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आणखी एक परीक्षा करावी. नवी काच उभी धरून तिच्यातून विजेच्या खांबाकडे अथवा दाराच्या चौकटीकडे पाहावे व डोके सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे. सरळ रेषा लाटेसारखी हलत असेल तर काचेची वक्रता सदोष आहे. अशा काचेतून रात्री एका दिव्याचे दोन दिवे दिसतात, अंतराचा अंदाज चुकतो व लांबच्या प्रवासात डोके दुखते. जुनी वापरलेली काच घेणाऱ्याने वायपरचे चरेही पाहावेत. दिवसा ते दिसत नाहीत; पावसाळी रात्री समोरून दिवे आले की सारी काच धुरकट होते.

६. बसवण्याच्या दोन पद्धती

आपल्या गाडीत काच कशी बसलेली आहे हे ओळखणे सोपे आहे. काचेच्या चारही बाजूंनी जाड काळे रबर असून ते एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्रा धरून ठेवत असेल, तर ती रबराची पद्धत. काचेच्या कडेने आतून काळ्या रंगाची रुंद किनार भाजून पक्की केलेली असेल आणि पत्र्यावर जाड रबराची पकड दिसत नसेल, तर ती चिकटवण्याची पद्धत. जुन्या बांधणीच्या गाड्यांत पहिली, तर नव्या बांधणीच्या गाड्यांत दुसरी पद्धत अधिक आढळते.

रबराच्या पद्धतीत रबर हाच मुख्य आधार असतो. उन्हाने कडक झालेले, भेगाळलेले जुने रबर पुन्हा वापरू नये. नव्या काचेला नवे रबर, हा नियम समजावा. कोपऱ्यांत रबर ताणून ओढलेले नसावे. रबराचा जोड वरच्या बाजूस ठेवल्यास तेथून पाणी झिरपते. तो खालच्या बाजूस मध्यावर असावा.

चिकटवण्याच्या पद्धतीत पॉलियुरेथेन हे चिकटद्रव्य वापरतात. कारागीर त्यास पीयू म्हणतात. येथे चार गोष्टी पाहाव्यात.

(१) जुने पीयू मुळासकट खरवडू नये. सुमारे १ ते २ मिलिमीटरचा समतल थर पत्र्यावर ठेवावा. नवे पीयू या ताज्या कापलेल्या थराला उत्तम धरते.
(२) काच कापून काढताना पत्र्याला ओरखडे पडले तर त्यांवर प्रायमर लावलाच पाहिजे. न लावल्यास तेथूनच गंज सुरू होतो.
(३) नव्या काचेची कडा स्वच्छ करून तिच्यावर त्याच कंपनीचा प्रायमर लावावा व सांगितलेला वेळ वाळू द्यावा. त्या कडेला मग हात लावू नये. बोटांचे तेलही पकड कमी करते.
(४) पीयूची नळी मुदतीतील असावी. तिच्यावरील तारीख वाचावी. द्रव्याची ओळ चौकटीभोवती एकसंध, अखंड व उंच असावी. मध्ये खंड पडला की तेथून पाणी शिरते.

येथे एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात खिडक्यांसाठी मिळणारा सिलिकॉन सीलंट गाडीची काच चिकटवण्यासाठी वापरू देऊ नये. तो स्वस्त असतो, लवकर सुकतो आणि दिसायला पीयूसारखाच काळा मिळतो. परंतु काच धरून ठेवण्याएवढी ताकद त्यात नसते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन पत्र्याला गंजवतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे खरे पीयूही नीट धरत नाही. आज वाचलेले थोडे पैसे पुढील प्रत्येक वेळी नडतात. म्हणून नळी आपल्यासमोर उघडण्यास सांगावे व तिच्यावरील नाव वाचावे.

७. गाडी केव्हा हलवावी?

पीयू हवेतील ओलावा शोषून पक्के होते. दमट हवेत ते लवकर, तर कोरड्या व थंड हवेत सावकाश पक्के होते. गाडी सुरक्षितपणे हलवण्यास किती वेळ लागेल, हे प्रत्येक कंपनीच्या द्रव्यावर अवलंबून असते व ते नळीवर किंवा सोबतच्या पत्रकात दिलेले असते. काही द्रव्यांना तासभर पुरतो, काहींना कित्येक तास लागतात. कारागीर "लगेच न्या" म्हणाला तरी पत्रक पाहावे. त्या वेळेआधी माल भरून घाटात निघणे म्हणजे काच नुसती टेकवून ठेवून निघण्यासारखे आहे.

पहिला दिवसभर एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. सर्व काचा बंद करून दार जोरात आपटले की आतील हवेचा दाब नव्या काचेला बाहेर ढकलतो. लावलेल्या चिकटपट्ट्या सांगितल्याशिवाय काढू नयेत. दोन दिवस दाबाच्या पाण्याने गाडी धुऊ नये. खराब रस्त्यावर मोठा भार शक्य तो टाळावा. म्हणूनच बाजाराच्या आदल्या दिवशी काम काढण्यापेक्षा सुट्टीच्या आदल्या दिवशी काढावे. एवढ्या नियोजनाने एका दिवसाचे भाडेही वाचते.

८. विमा आणि साधा हिशेब

केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीची काच त्यात येत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेला सर्वसमावेशक विमा असेल तर ती येते. या विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के घसारा कापतात. याशिवाय पॉलिसीत ठरलेली सक्तीची वजावट मालकाला सोसावी लागते.

तरीही दावा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दावा न केलेल्या वर्षांसाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के, अशी ती वाढत जाते. एक दावा केला की सूट शून्यावर येते.

उदाहरणार्थ, समजा एखाद्याचा या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे व त्याने तीन वर्षे दावा केलेला नाही. चौथे वर्षही तसेच गेले तर पुढील नूतनीकरणात त्याला ४५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये सूट मिळेल. त्याच वर्षी काचेसाठी दावा केला आणि वजावट जाता हातात ४,००० रुपये आले, तर पुढच्या हप्त्यात ४,५०० रुपयांची सूट गेली. शिवाय सूट पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागेल. अशा वेळी दावा न करणेच फायद्याचे. काच महाग असेल, किंवा सूट आधीच शून्य असेल, तर उलट निष्कर्ष निघेल. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून सूट शाबूत ठेवण्याची सोय असते. तीही आपल्या कागदांत आहे काय, हे पाहावे.

दावा करावयाचा ठरला तर विमा कंपनीला कळवण्यापूर्वी काच काढू नये. तडा, गाडीचा नंबर व काचेवरील शिक्का दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. आधी काच बदलली व नंतर कळवले, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

९. काचेवर चिकटवलेल्या वस्तू

काच गेली की तिच्यावरील फास्टॅगही जातो. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नाक्यांवर चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनांना फास्टॅग बंधनकारक झाला. हा टॅग काढताना फाटेल अशाच रीतीने बनवलेला असतो. म्हणून काच बदलण्याच्या दिवशीच टॅग देणाऱ्या बँकेकडे बदली टॅगची मागणी करावी.

दुसरी वस्तू म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत मिळणारा नोंदणीचा स्टिकर. तो समोरच्या काचेच्या आतील बाजूस असतो. डिझेल गाडीसाठी तो नारिंगी, पेट्रोल व सीएनजी गाडीसाठी फिकट निळा असतो. तोही काढताना नष्ट होतो व अधिकृत पुरवठादाराकडूनच नवा घ्यावा लागतो. वरील दोन्हींचे क्रमांक जुनी काच निघण्यापूर्वी लिहून ठेवावेत अथवा छायाचित्र घ्यावे.

नव्या काचेवर काळी फिल्म लावण्याचा मोह टाळावा. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजीच्या निकालात काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. त्यानंतर नियमांत काही दुरुस्त्या झाल्या तरी प्रकाशाची ही मर्यादा कायम राहिली आहे. काचेच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत मुलांची नावे व घोषणा लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे. भावना चांगली असली तरी ती अक्षरे चढावर सिग्नल आणि उतारावर समोरची गाडी झाकतात. नावे हौद्याच्या फळीवर लिहावीत. समोरची काच मोकळी असावी.

१०. गाडी ताब्यात घेताना

पक्के बिल घ्यावे. त्यात काचेच्या उत्पादकाचे नाव, लॅमिनेटेड असा उल्लेख, रबर किंवा पीयू, मजुरी आणि गळतीची हमी किती दिवसांची, या पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. काच चारही बाजूंनी सारख्या अंतरावर बसली आहे काय, हे पाहावे. वायपर पाणी मारून चालवावा. नव्या काचेवर जुने घासलेले वायपर रबर ठेवू नये. काच समोर कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असलेल्या गाडीची असेल, तर त्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी. द्रव्य पक्के झाल्यावर नळीने वरून हळूहळू पाणी सोडून आत कोणाला तरी बसवावे व कडा कोरड्या राहतात काय, हे तपासावे. डॅशबोर्डच्या फटींतील काचेचा चुरा झाडून घ्यावा. पंखा सुरू करताच तो डोळ्यांत उडतो.

समारोप

गाडीचे कर्ज फेडताना प्रत्येक रुपया मोजावा लागतो, हे खरे आहे. तथापि ज्याच्या कष्टावर हप्ता, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचे औषधपाणी अवलंबून आहे, तो माणूस त्या काचेमागेच बसलेला असतो. कारागिराला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी सुखावतो, कारण त्याच्या कामाची पारख करणारा ग्राहक त्याला भेटलेला असतो. ज्याला शिक्का वाचता येतो आणि हिशेब मांडता येतो, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. प्रत्येक सभासदाने हा पाठ आपल्या ओळखीच्या किमान एका चालकाला वाचून दाखवावा, ही विनंती.

स्वाध्याय

१. टफन व लॅमिनेटेड काच यांच्या फुटण्यातील फरक सांगा. समोर लॅमिनेटेड काचच का हवी?
२. ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत किती मीटर जाईल?
३. मूळ हप्ता ८,००० रुपये, आतापर्यंत दोन वर्षे दावा नाही. या वर्षी काचेच्या दाव्यातून वजावट जाता ६,००० रुपये मिळणार आहेत. पुढील नूतनीकरणाचा विचार करता दावा करावा काय? हिशेब मांडा.
४. आपल्या घरच्या अथवा शेजारच्या गाडीच्या काचेवरील शिक्का वहीत उतरवा व प्रत्येक खुणेचा अर्थ लिहा.
५. सिलिकॉन सीलंट का वापरू नये, याची तीन कारणे द्या.